काचपेटीतल्या लाल मुंग्या

बाई, तुमच्या मुंग्या अजून आहेत. पहिल्यांदा तेच सांगतो, कारण तुम्हीही पहिल्यांदा तेच विचारलं असतं.

तेराव्याला मेघनाताईंनी मला आतल्या खोलीत बोलावलं आणि खिडकीजवळच्या टेबलावरच्या काचपेटीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "रैनूकाका, आईचं हे प्रकरण आता तुम्हीच घेऊन जा. मला नाही जमायचं." टेबलाचे पाय अजून पाण्याच्या वाट्यांत उभे होते. एका वाटीतलं पाणी आटलं होतं. त्या पायावरून आठ-दहा मुंग्या खाली उतरून, फरशीवरून तुमच्या फोटोच्या हाराकडे निघाल्या होत्या. ताई झाडू आणायला वळल्या तशी मी घाईनं हातानंच उचलल्या. चावल्या. हारातली फुलंही मी एकदा झटकून पाहिली, तेव्हा बसलेल्या बायका माझ्याकडे बघत होत्या.

आता पेटी घुग्घुसला माझ्या मुलाच्या घरी आहे. इथं खिडकी उघडली की तासाभरात पानांवर कोळशाची धूळ बसते, म्हणून मी त्यांची आंब्याची डहाळी पेटीत ठेवायच्या आधी ओल्या फडक्यानं पुसतो. सून दोन दिवस पेटीकडं लांबूनच बघत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "बाबा, घरात मुंग्या होऊ नये म्हणून लोकं पावडर टाकते, अन् तुम्ही त्याइले साखरपाणी पाजून राह्यले." मी म्हटलं, "बाईच्या हायेत."

कॉलेजात तुमच्यासाठी सभा झाली. सगळे चांगलंच बोलले, आणि खोटंही काही नव्हतं. मला कोणी बोलायला सांगितलं नाही ते बरं झालं. मला जे सांगायचं आहे ते माइकवरून सांगण्यासारखं नाही. मी तुमच्याशी एकाच गोष्टीत खोटं बोललो, आणि ती गोष्ट म्हणजे या मुंग्यांची राणी. तुम्हाला ती एकदा पाहायची होती. तुम्ही न पाहता गेलात, आणि ते माझ्यामुळे.

आपली ओळख प्रयोगशाळेतली. तुम्ही शिकवायच्या, मी बरण्या पुसायचो. स्पिरिटमधले बेडूक, साप, विंचू, सगळ्यांच्या चिठ्ठ्या तुम्ही माझ्याकडून लिहून घेतल्या. म्हणालात, "रैनूभाऊ, तुमचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे." बाकी सगळे मला "ए रैनू" म्हणायचे, शिपायापासून प्राचार्यांपर्यंत. तुम्ही पहिल्या दिवसापासून रैनूभाऊ म्हणालात. यात काय मोठं, असं तुम्ही म्हणाल. मला ते मोठं होतं, आणि हे तोंडावर सांगायची कधी हिंमत झाली नाही.

मग तुम्ही निवृत्त झालात, पाठोपाठ मी. वर्ष गेलं नाही तोच तुमचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी उन्हातलं फिरणं बंद केलं, जंगल बंद केलं, जिनासुद्धा बंद केला. मी भेटायला आलो तेव्हा तुम्ही खुर्चीवर शाल घेऊन बसल्या होत्या आणि चिडलेल्या होत्या. "जन्मभर पोरांना मेलेले प्राणी दाखवले," असं म्हणालात. "एक राणी मुंगी जिवंत बघितली नाही मी, रैनूभाऊ. नुसती पुस्तकातली. आता एक वारूळ घरात पाळते आणि तिला बघून जाते." बघून जाते हे तुम्ही अगदी सहज म्हणालात. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि म्हणालो, "वारूळ काऊन पायजे बाई? आमच्या गावात झाडावर राह्यणाऱ्या लाल मुंग्या हायेत. पानं शिवून खोपे करते. काचात ठेवल्या तं सारं दिसन."

तुमचा चेहरा उजळला. मी तोंडघशी पडणार होतो ते तिथंच ठरलं.

आमचं गाव अहेरीच्या पुढं. भावाच्या घरामागं आंब्याचं जुनं झाड आहे, त्यावर या मुंग्या माझ्या लहानपणापासून आहेत. आम्ही त्या खातो, हे तुम्हाला माहीत होतं. मिरची-मीठ घालून पाट्यावर वाटायच्या. आंबट लागतात. तापात तोंडाची चव गेली की माय हीच चटणी द्यायची. पण तोडायची एक रीत होती. एका झाडावर दहा-बारा खोपे असतात, त्यातले खालचे दोन-तीनच घ्यायचे. हाताला राख चोळून, बांबूच्या आकडीनं डहाळी ओढून, कोयत्यानं कापून घ्यायचे. शेंड्याकडं एक खोपा असतो, तिथं पानं दाट आणि बुंध्यावर थाप मारली की मुंग्या सगळ्यांत जास्त तिथूनच बाहेर पडतात. माय बोटानं दाखवायची. "तो मायचा खोपा हाये. त्याले हात नाई लावाचा. तो गेला का झाडच गेलं." माझी माय शाळेत गेली नव्हती, पण तिच्या हयातीत ते झाड कधी रिकामं झालं नाही.

त्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला मी गेलो आणि खालचे तीन मोठे खोपे कापून आणले. शेंड्याकडं बघितलंही नाही. हे मी विसरून केलं नाही, बाई. झाडाखाली उभा असताना तुमचं बोलणं आठवत होतं, राणी, राणी, आणि तरी हात आपल्या सवयीनं खालीच गेला. मनाशी म्हटलं, एवढ्या मुंग्या बघून बाई राणीचं विसरतील. तुम्हाला इतकी वर्षं ओळखून मी असं समजलो.

खोपे जुन्या धोतरात बांधून पत्र्याच्या डब्यात ठेवले होते. आष्टीच्या अलीकडं बसमध्ये कंडक्टरनं विचारलं, "डब्यात काय हाये?" मी म्हटलं, "चटणी." तेवढ्यात चटणी झाकणाखालून निघाली आणि शेजारच्या माणसाच्या सदऱ्यात शिरली. त्यानं भरल्या बसमध्ये सदरा काढला. मला मागच्या दारापाशी उभं केलं ते चंद्रपूरपर्यंत. तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही पोट धरून हसलात, मग खरंच पोट दुखायला लागलं आणि मला औषधाची गोळी काढून द्यावी लागली.

मग ते दिवस. कॉलेजच्या अडगळीतली माशांची काचपेटी, वर मच्छरदाणीचं कापड, बाटलीत आंब्याची डहाळी. आठ दिवसांत मुंग्यांनी खोपा शिवायला घेतला. एक रांग पान ओढून धरायची, दुसऱ्या मुंग्या तोंडात पिल्लू धरून या पानावरून त्या पानावर न्यायच्या, आणि पिल्लाच्या तोंडातून निघालेल्या धाग्यानं शिवण पडायची. मी जन्मभर खोपे तोडले होते, शिवताना कधी बघितलं नव्हतं. तुम्ही भिंग माझ्या हातात दिलंत आणि म्हणालात, "आधी तुम्ही बघा." ते बघणं मला तुमच्यामुळे मिळालं. हे कर्ज नाही म्हणत मी, पण विसरणार नाही.

तुम्ही साखरपाण्याचा कापूस ठेवायच्या, मी नाकतोडे आणायचो. आणि रोज तुम्ही विचारायच्या, "राणी आली आहे ना यांच्याबरोबर?"

मी म्हणायचो, "असन ना बाई. एवढ्यात कुठीतरी असनच."

आपलं भांडणही तिच्यावरूनच व्हायचं. तुम्ही म्हणायच्या, राणी म्हणतात खरं, पण तिचं कोणी ऐकत नाही, ती हुकूम देत नाही, ती नुसती अंडी घालते. मी म्हणायचो, "मंग राणी काऊन म्हणता? मायच म्हणा ना." तुम्ही म्हणालात, "माय म्हटलं की माया आली. शास्त्रात माया घालू नये." मी म्हटलं, "राणी म्हटलं का राज्य येते, ते चालते?" त्यावर तुम्ही चष्मा काढून पुसायला लागलात. हरायला आलात की चष्मा पुसायची तुमची सवय होती. एकदा मी घरून डब्यात चटणी आणली तेव्हा तुम्ही आधी पेटीकडं बघितलंत आणि मग डब्याकडं. "यातल्या नाहीत ना?" म्हणालात. मी म्हटलं, "लोकं कोंबड्या पाळते अन् खाते बी." तुम्ही बोटावर घेऊन चाटलीत आणि आंबट आहे म्हणालात. दुसऱ्यांदा मागितली नाहीत.

पावसाळा लागला तोवर पेटीत अंडी दिसायला लागली. तुम्ही फोन केलात. "रैनूभाऊ, अंडी आहेत! म्हणजे ती आहे." तुमचा आवाज एवढा मोठा मी वर्गातही ऐकला नव्हता. मी मात्र घाबरलो. मला वाटलं, आपण चुकून मायचा खोपा तर तोडला नाही? भावाला फोन करून विचारलं, झाड कसं आहे. तो म्हणाला, "झाडाले काय झालं? खाली उभं राहू देत नाई मुंग्या." तेव्हा जिवात जीव आला. मग अंडी कुणाची, हे कोडं मला उलगडलं नाही, आणि मी ते उलगडायच्या भानगडीतही पडलो नाही. तुम्ही खूश होत्या. चाललं होतं तसं चालू दिलं.

पोळ्याच्या सुमारास पंखवाल्या मुंग्या निघाल्या. लहान, काळसर. मी आलो तेव्हा तुम्ही भिंग घेऊन बसल्या होत्या. बराच वेळ बघून भिंग खाली ठेवलंत आणि म्हणालात, "नर आहेत. सगळे नरच आहेत." मी विचारलं, "चांगलं हाये ना मंग?" तुम्ही म्हणालात, "हो, चांगलंच आहे." आणि चहा टाकायला उठलात. उठू नका म्हटलं तरी उठलात.

त्यानंतर तुम्ही राणीबद्दल विचारणं बंद केलं. मला बरंच वाटलं.

दिवाळी झाली. तुम्ही बऱ्याच खालावल्या होत्या, हाताची हाडं दिसत होती. पेटीतल्या मुंग्याही कमी झाल्या होत्या. तुम्ही एक दिवस मला समोर बसवलंत आणि म्हणालात, "रैनूभाऊ, खरं सांगा. या पेटीत राणी आहे, असं तुम्हाला वाटतं?"

"हाये ना बाई. लपली असन."

मी बाहेर बघत होतो. तुम्ही म्हणालात, "बरं. मग गावाकडून आणखी एक राणी आणता का? मला बघायची आहे."

मी हो म्हणालो. आणि खरंच आणायला गेलो, बाई. यात खोटं नाही. दोन बस बदलून गेलो, भावाच्या अंगणात राख मागितली, तेव्हा वहिनी म्हणाली, "या वयात चढता का तुमी?" चढलो. वयाच्या मानानं बरा चढलो. शेंड्याकडच्या खोप्यापाशी पोचेपर्यंत मानेत, कानात, पापणीवर मुंग्या होत्या. दातांनी कोयता धरला होता. डहाळी कापायच्या आधी आत ती आहे ना म्हणून एक पान शिवणीपासून थोडं उचकटलं.

ती होती. मी पाहिली. हाताच्या अंतरावर होती.

किती वेळ तसा राहिलो सांगता येत नाही. मुलगा आता म्हणतो, फोटो काढायचा होता. माझा एक हात झाडाला होता आणि एक पानाला, आणि सुचलंही नाही. मला तेव्हा एक हिशेब सुचला, आणि तो मी तुम्हाला जसाच्या तसा सांगतो. तुम्ही फार दिवसांच्या नाही, हे मला दिसत होतं. ही पेटीत येईल, तुम्ही तिला बघाल, पंधरा दिवस, महिना. मग तुम्ही जाल, पेटीत तीही जाईल, आणि हे झाड पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ओकंबोकं होईल. तुमच्या महिन्याभराच्या पाहण्यापुढं मला झाड जड वाटलं. असा विचार मी तुमच्याबद्दल केला. मग पान सोडून दिलं आणि खाली उतरलो. वहिनीनं अंगाला हळद लावायला दिली. अंग सुजलं होतं.

चंद्रपूरला तुमच्याकडं आलो. तुम्ही उशीला टेकून बसल्या होत्या. माझा सुजलेला चेहरा बघितलात. मी म्हणालो, "बाई, नाई सापडली. लई शोधली."

तुम्ही माझ्याकडं बघत राहिलात. मग म्हणालात, "असू द्या. हात धुवा आणि जेवून जा. मेघनानं भाकरी केली आहे." मी जेवलो. तुम्ही बसून माझं जेवण बघितलंत. पुढच्या पंधरा दिवसांत मी चारदा आलो आणि चारही वेळा आपण डहाळी, पाणी, कापूस यापलीकडं बोललो नाही. पाचव्यांदा आलो तेव्हा दाराबाहेर चपलांचा ढीग होता.

आता पुढचं ऐका, हे तुम्हाला माहीत आहे पण मला नव्हतं. सभा झाल्यावर मी तुमच्या जागी आलेल्या नव्या सरांपाशी थांबलो. सहज विचारलं, पेटीत राणी नव्हती, मग अंडी कुठून आली? ते म्हणाले, "राणी नसली की कामकरी मुंग्या स्वतः अंडी घालतात. पण त्यातून फक्त नर निघतात. नुसते नरच दिसले तर समजायचं, वसाहतीत राणी नाही." मी विचारलं, "हे बाईले माहीत असन का?" सर हसले. "काका, बाई हे दरवर्षी शिकवत होत्या." दरवर्षी त्या तासाला मी मागच्या दारापाशी स्टुलावर बसलेला असायचो.

म्हणजे पोळ्यापासून तुम्हाला माहीत होतं. मी राणी आणलेलीच नाही, हे तुम्ही भिंग खाली ठेवताना ओळखलं होतं. तरी दिवाळी होईपर्यंत तुम्ही बोलल्या नाहीत. मग समोर बसवून विचारलंत, आणि मी लपली असन म्हणालो. मग गावी पाठवलंत. ते राणीसाठी पाठवलंत की परत येऊन मी खरं बोलावं म्हणून, हे मला आता कळायचं नाही. सुजलेलं तोंड घेऊन आलो तेव्हा तुम्ही काय ताडलंत, तेही नाही. मला राग येतो, बाई. तुमचाही येतो. एकदा तरी म्हणायचं होतं, रैनूभाऊ, बस झालं, सांगा. वर्गातल्या पोरांना तुम्ही असं सोडलं नव्हतं.

माझ्या मायचा शब्द मोडला नाही, त्याची माफी मी मागत नाही. पुन्हा तीच वेळ आली तरी पान सोडून देईन, आणि हे तुम्हाला आवडलं नसतं तरी पटलं असतं. पण सापडली नाही असं म्हणायचं काही कारण नव्हतं. सापडली आणि आणली नाही, एवढं म्हणालो असतो तर पुढचा प्रश्न तुम्ही लगेच विचारला असता, कशी होती? तुम्ही उशीवरून उठून बसल्या असत्या. आपली संध्याकाळ त्यातच गेली असती. तुमच्या डोळ्यांना नाही, पण कानांना तरी ती मिळाली असती. ते मी होऊ दिलं नाही, आणि ते मला सलतं.

तर उशिरा का होईना, सांगतो. ती लाल नव्हती, बाई. हिरवट होती, थोडी मळकी. माझ्या बोटाच्या पेराएवढी. पोट एवढं जड की मागं ओढल्यासारखं पडलेलं. पंख नव्हते. पान उचकटलं तसा उजेड सरळ तिच्यावर पडला, आणि ती पळाली नाही, जागच्या जागी थांबली. आजूबाजूच्या मुंग्या मला चावायला आल्या. पण सात-आठ जणी माझ्याकडं आल्या नाहीत. त्या तिच्या पाठीवर चढल्या आणि पाय पसरून तिला झाकून उभ्या राहिल्या.